राहिलेली पंगत

त्या वर्षी मी मतदार नोंदणीचे 137 फॉर्म भरले. एकातही खोटं लिहिलं नाही. सहा नंबरच्या फॉर्मच्या शेवटी प्रतिज्ञा छापलेली असते, आणि खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते असा कायद्याचा धाकही असतो. तो मी प्रत्येकाला वाचून दाखवायचो. मला स्वतःला त्याची भीती कधी वाटली नाही. आजही त्या 137 फॉर्मांचं काही वाटत नाही. मन खातं ते न भरलेल्या फॉर्मांपायी, आणि त्यांच्यासाठी कायद्यात कलम नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. जमीन मुरमाड, पाणी पावसाचं. दसरा झाला की अर्धं गाव रिकामं होतं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत घराला कुलूप. मागं राहिलंच तर म्हातारं माणूस आणि शाळेतलं पोर.

मतदार यादीचं वर्षाचं मोठं काम नेमकं ह्याच दिवसांत यायचं. 1 जानेवारीला अठरा पूर्ण होणाऱ्यांना धरून यादी व्हायची, म्हणून नवे फॉर्म, कच्ची यादी, हरकती हे सगळं पावसाळा सरल्यावर. कायदा तसा शहाणा आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात लिहिलंय की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं राहतं ठिकाण सुटत नाही. म्हणजे सहा महिने फडावर कोपीत राहिलेला माणूस गावचाच. पण ज्याचं नाव अजून लागलंच नाही, त्याचा फॉर्म कुणीतरी भरून घ्यावा लागतो, आणि त्या वेळी तो गावात असावा लागतो.

मी तेव्हा डी.एड. करून घरी बसलेलो. गणपती उठल्यावर आम्ही तिघा पोरांनी मारुतीच्या पारावर टेबल टाकलं. रेशनकार्डाची झेरॉक्स, शाळेचा दाखला, दोन फोटो. फॉर्म भरून बीएलओ असलेल्या अंगणवाडीच्या मॅडमकडं द्यायचे. पैसे कुणाकडून घेतले नाहीत. झेरॉक्सचा खर्चसुद्धा आम्हीच केला. टेबलाला पुठ्ठ्याची पाटी बांधली होती, अक्षर माझंच : 'मतदार नोंदणी, सर्व गावकऱ्यांसाठी, मोफत'.

पुढं ग्रामपंचायत लागणार होती आणि माझे चुलते सरपंचपदाला उभे राहणार होते. विधानसभेचीच यादी ग्रामपंचायतीला धरतात, तिचेच वॉर्डवार भाग पाडतात, हे गावात पोरासोरालाही ठाऊक. एका संध्याकाळी तात्या पारावर आले, गठ्ठा चाळला, खूश झाले. जाता जाता म्हणाले, "डोंगराकडच्या वस्तीचा हेलपाटा कशाला घेता? ती लोकं आज हायेत, उद्या न्हाईत."

वस्ती गावापासून अडीच किलोमीटर. चाळीसेक घरं, सगळी ऊसतोडीची. नळयोजनेचं पाणी तिथवर कधी पोचलं नव्हतं, म्हणून ती घरं तात्यांच्या विरोधात. तात्या काय म्हणाले ते मला कळलं. मी "बरं" म्हणालो.

'तिकडं जायचं नाही' असं मात्र मी कधीच ठरवलं नाही. रोज 'उद्या जाऊ' म्हणत होतो. कधी गाडीत पेट्रोल नव्हतं, कधी फॉर्म संपले होते, कधी पाऊस. मग दसरा झाला आणि एका पहाटे ट्रक लागले. भांडी, पत्रे, कोयते, शेळ्या, पोरं अशी सगळी चढली. मी पारावरून बघत होतो. खरं सांगायचं तर त्या वेळी मला वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

फेब्रुवारीच्या शेवटी मतदान झालं. वस्तीची माणसं फडावरून जीप करून आली, दोन दिवसांची मजुरी बुडवून. मी शाळेच्या खोलीत तात्यांचा पोलिंग एजंट म्हणून यादी घेऊन बसलेलो. दुपारच्या सुमाराला एक सून आत आली. विशीची असेल, काखेत लेकरू, हातांना ऊस सोलल्याच्या चिरा. अधिकाऱ्यानं यादी पाहिली आणि म्हणाले, "नाव नाही." तिला ते पटेना. खोलीत ओळखीचा मीच, म्हणून माझ्याकडं वळली. "दादा, तुमी बगा की."

नाव नाही हे मला ठाऊक होतं. का नाही तेही ठाऊक होतं. तरी मी पानं उलटली, बोट फिरवलं, शोधल्यासारखं केलं. मग मान हलवली.

ती म्हणाली, "सासूचं हाय, नवऱ्याचं हाय. म्हायेरात नाव लागायच्या आदीच लगीन झालं. मंग मी कुठली म्हनायची?" कुणी उत्तर दिलं नाही. मागं रांग होती. ती लेकरू सावरत बाहेर गेली.

तात्या अकरा मतांनी निवडून आले. गुलाल माझ्याही अंगावर पडला. त्या रात्री मी वस्तीतल्या घरांचा हिशेब मांडत बसलो. अठरा भरलेली पोरं-पोरी आणि नव्या सुना मिळून ज्यांची नावं लागायला हवी होती अशी माणसं निघाली सव्वीस.

काही दिवसांनी तात्यांपुढं विषय काढला. ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आपुन कुणाचं नाव काढलं का? कुणाचा फॉर्म फाडला का? त्येंच्यात शिकलेली पोरं न्हाईत? त्येंच्या पुढाऱ्यानं भरायचे व्हते." ह्या बोलण्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते मला बरेच दिवस पुरलं. मी पगारी नोकर नव्हतो, माझ्यावर जबाबदारी नव्हती. जे काम करण्याचं बंधन नाही ते केलं नाही, तर अपराध कसला?

उत्तर आईकडून मिळालं. ती चुलीपुढं होती. सगळं ऐकून म्हणाली, "तुला वाढायला कुनी बोलावलं नव्हतं. पर परात उचललीस ना? मंग पंगत सोडून जाता येत न्हाई."

सप्ताहाच्या काल्याला आम्ही सगळ्यांनी वाढलेलं आहे. वाढप्याला पगार नसतो. घरी झोपला तरी त्याला कुणी विचारत नाही. पण एकदा बुंदीची परात हातात घेतली आणि एक रांग सोडून तो पुढं गेला, तर त्या रांगेतल्या माणसाची उपासमार होत नाही, त्याचा अपमान होतो. तो उठून जातो आणि पुन्हा त्या मांडवात येत नाही. परात उचलावी की नाही हे वाढप्याच्या हातात असतं. कुणाच्या पानावरून पुढं जावं हे नसतं. सर्व गावकऱ्यांसाठी अशी पाटी बांधली तेव्हाच मी परात उचलली होती.

ह्यापुढचा हिशेब मला जास्त टोचला. मी टेबल टाकलंच नसतं तर? वस्तीचे सव्वीस राहिले असते, आणि गावातलेही पुष्कळ राहिले असते. दोन्हीकडं सारखीच खोट. मी एका बाजूची खोट भरून काढली, म्हणून दुसऱ्या बाजूची अकरा मतांना भारी पडली. म्हणजे मी घरी झोपून राहिलो असतो तर वस्तीचं नुकसान कमी झालं असतं. चांगलं काम अर्धं केलं तर निम्मं पुण्य पदरात पडतं, असं मी समजत होतो. कधी कधी अर्धं चांगलं काम दुसऱ्याच्या मुळावर येतं.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची, 1951-52 ची, एक गोष्ट पुढं वाचनात आली. उत्तरेकडच्या काही राज्यांत बायका परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगत नसत. 'अमक्याची बायको', 'तमक्याची लेक' अशाच नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्या चालवून घेतल्या नाहीत. बाईनं स्वतःच्या नावानं यादीत यावं, हा त्यांचा आग्रह. सुमारे 28 लाख बायका त्या यादीतून गळल्या. तो निर्णय कुणाला कठोर वाटेल. पण तो उघडपणे घेतलेला होता आणि गळलेल्यांची मोजदाद झाली होती. आमच्या सव्वीस जणांची मोजदाद कुठंच नाही. त्यांना कुणी नाकारलंच नाही. फक्त 'उद्या जाऊ' म्हटलं.

पुढच्या वर्षी मी पितृपाटातच, उचलीची बोलणी चालू असताना, वस्तीवर गेलो. पहिलं घर त्या सुनेचंच घेतलं. फॉर्म भरता भरता तिला सांगितलं, की गेल्या साली मी मुद्दाम आलो नव्हतो. माफी मागायची म्हणून बरीच वाक्यं जुळवून नेली होती. तेवढंच एक निघालं.

ती लेकराला भाकरी कुस्करून देत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हाईत हाय. साऱ्या वस्तीला म्हाईत हाय." थोड्या वेळानं, "औंदा कुनाचं इलेक्शन हाय?"

"कुणाचंच नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. मग हात पुसून फॉर्म ओढून घेतला आणि सही कुठं करायची ते विचारलं. तिला सही येत होती. मी शाईचा पॅड काढून ठेवला होता, तो गुपचूप पिशवीत टाकला.

आता 2022 पासून वर्षाला चार तारखा झाल्यात : जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. पट्टा पडून माणसं परतली की लगेच फॉर्म भरता येतात. काम सोपं झालंय. तात्यांच्या घरी माझं जाणं-येणं आहे, पण पूर्वीसारखं बोलणं नाही. टेबल अजून टाकतो. मात्र पहिले दोन दिवस ते पारावर नसतं. वस्तीवरच्या लिंबाखाली असतं.