घर घेऊन निघालेला पाहुणा

आमची धाकटी लेक स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला असते. गेल्या गणपतीत तिचा फोन आला तो बेत ठरवूनच. "अप्पा, मे महिन्यात तुम्ही दोघं इकडं येताय. आपण गाडीतनंच फिरायचं, गाडीतच झोपायचं, स्वयंपाकही गाडीतच. हॉटेलची भानगडच नको." मग तिने त्या गाडीचे वर्णन केले. कॅम्परव्हॅन म्हणतात तिला. सहा मीटर लांबीच्या गाडीत चार माणसांची झोपायची सोय, दोन शेगड्या, लहानसा फ्रीज, पिण्याच्या पाण्याची टाकी, सांडपाण्याची वेगळी टाकी आणि बाहेरून ओढून काढता येणारी संडासाची पेटी. "कुणाकडं काही मागायला नको," ती म्हणाली, "सगळं आपल्याकडंच असणार."

हे शेवटचे वाक्य ती मोठ्या आनंदाने बोलली. मी मात्र जरा चपापलो. का, ते पुढे सांगतो.

मास्तरकीची सवय अशी, की प्रवासाचे नाव निघाले की आधी नकाशा उघडायचा. लेकीने निवडलेला रस्ता 'नॉर्थ कोस्ट ५००' या नावाने ओळखला जातो. इन्व्हरनेस गावाच्या किल्ल्यापाशी तो सुरू होतो, स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालतो आणि पुन्हा त्याच किल्ल्याशी येतो. लांबी ५१६ मैल, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटर. बेळगावहून पुण्याला जाऊन परत यावे आणि पुन्हा कोल्हापूर गाठावे, एवढेच हे अंतर. रस्ते सगळे जुनेच होते. २०१५ साली त्यांना एक नाव दिले, एक नकाशा छापला, आणि जग तिकडे लोटले. नावात केवढी ताकद असते पाहा! फोडोर्स या जुन्या प्रवासमार्गदर्शक संस्थेने २०२५ सालासाठी 'जाण्याआधी पुन्हा विचार करा' अशा ठिकाणांची यादी काढली, तिच्यात आपल्या केरळच्या जोडीला हाही रस्ता होता.

लेकीचा पहिला बेत पाच दिवसांचा होता. रोज कुठे पोचायचे, कुठे फोटो काढायचे, सगळे तिने आखले होते. मी विचारले, "आणि थांबायचं कुठं?" ती म्हणाली, "जिथं छान दिसेल तिथं."

इथेच आमचे पहिले भांडण झाले.

उत्तरेकडच्या त्या डोंगराळ भागात पुष्कळ ठिकाणी रस्ता एकाच गाडीपुरता असतो. मध्येमध्ये बाजूला थोडी रुंद जागा ठेवलेली असते. समोरून गाडी आली तर ज्याच्या डाव्या हाताला ती जागा असेल त्याने तिच्यात शिरायचे. जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्या बाजूलाच थांबायचे आणि समोरच्याने वळसा घालून जायचे. मागून घाईची गाडी आली तर तिलाही वाट द्यायची. जाताना दोघांनी हात वर करून एकमेकांना दाद द्यायची. किती साधी व्यवस्था! पण एखादा नवखा प्रवासी त्या रुंद जागेत गाडी लावून समुद्र बघत चहा पीत बसला, की मागे दूधवाला, शाळेची बस, कधी रुग्णवाहिकासुद्धा अडकते. त्याला ती जागा रिकामी दिसते. ती रिकामी असते हे खरेच. दुसऱ्याला येता यावे म्हणून ती रिकामी ठेवलेली असते.

वाटेत एक घाट आहे, 'बेअलाख ना बा'. गेलिक भाषेत त्याचा अर्थ गुरांची खिंड. समुद्रसपाटीपासून निघून तो ६२६ मीटर चढतो, आणि वळणे अशी की आपल्या आंबोली-चोर्ल्याची आठवण यावी. पायथ्याशी पाटी आहे: नवशिक्यांनी, फार मोठ्या गाड्यांनी आणि कॅरव्हॅन ओढणाऱ्यांनी इकडून जाऊ नये. जावईबापूंना नेमके तिथूनच जायचे होते. पलीकडच्या ॲपलक्रॉस गावाला पोचायला किनाऱ्याने लांबचा दुसरा रस्ता आहे. मी म्हटले, तिकडून जाऊ. लेक म्हणाली, "अप्पा, सगळ्यात भारी तोच घाट आहे. आणि पाटीवर सल्ला आहे, बंदी नाही." मला हसू आले. पस्तीस वर्षे मुलांकडून हेच वाक्य ऐकतो आहे.

आता त्या चपापण्याविषयी.

मी नुकता नोकरीला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. शाळेची सहल गोकाकच्या धबधब्याला निघाली. दुपारी वाटेत एका मळ्यात विहीर दिसली, आंब्याची सावली दिसली. आम्ही बस थांबवली. साठ मुले, पत्रावळी, पुरी-भाजी, बुंदीचे लाडू. जेवणे आटोपत आली तेव्हा बांधावरून एक म्हातारी ताकाची मोठी घागर डोक्यावर घेऊन आली. मुले उन्हात बसलेली तिने पाहिली असावीत. कानडीत तिने विचारले, जेवण झाले का? मी अगदी नम्रपणे, शुद्ध कानडीत उत्तर दिले, "नको आज्जी, आमच्याकडे सगळं आहे." ती घागर खाली न ठेवता थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली.

संध्याकाळी आम्ही त्याच वाटेने परतलो. म्हातारी मळ्यात वाकून पत्रावळी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या वेचत होती. गुरांच्या पोटात जाऊ नये म्हणून, हे उघडच होते. मी बस थांबवली नाही. उशीर झाला होता, पालक वाट पाहत असतील, असे मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे मला लाज वाटली, आणि लाजेपायी मी थांबलो नाही.

तिचे ताक आम्ही नाकारले, पण तिची सावली, तिची विहीर, तिचा बांध आम्ही वापरलाच होता. 'आमच्याकडे सगळं आहे' हे मुळी खोटेच होते. जे विचारून घ्यावे लागले असते ते आम्ही न विचारता घेतले, आणि जे ती आपण होऊन देत होती ते नको म्हटले. कॅम्परव्हॅनचा विचार करताना मला सारखी ती घागर दिसते. गाडीत पाण्याची टाकी आहे, पण ती भरायला नळ कुणाचा तरीच. संडासाची पेटी आहे, पण ती ठरलेल्या जागीच रिकामी करायची असते. ते टाळून ओढ्यात ओतणारे लोक तिकडेही आहेत. घर बरोबर घेतले म्हणून माणूस कुणाच्या अंगणाबाहेर जातो असे थोडेच आहे?

माझे वडील दरवर्षी सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाडीने जात. तीही एक प्रकारची कॅम्परव्हॅनच म्हणायची: तट्ट्याचे छप्पर, भाकऱ्यांचे गाठोडे, चटणी, कडबा, कंदील, सगळे गाडीत. तरी मुक्कामाच्या गावात वडील एका ठरावीक घरी जाऊन विस्तव मागून आणत. खिशात काडेपेटी असे. मी लहानपणी विचारले तर म्हणाले, "विस्तव मागितला की आपण आलोय हे त्यांना कळतं." त्या वयात मला ते अडाणीपणाचे वाटले होते.

हे सगळे मी घरात मोठ्या भावनेने बोलून दाखवले. पाहुण्याने यजमानाचा ऋणी व्हावे, त्यातच अतिथीधर्म आहे, वगैरे. आमच्या सौ. भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या वडलांनी विस्तव आणला, तो देणारीनं चूल फुंकली होती. पाहुणा आला की चुलीपुढं कोण असतं? तुमचा अतिथीधर्म आम्हा बायकांच्या कमरेवर उभा. आपला शिधा आपण घेऊन येणारा पाहुणा मला तरी देवच वाटला असता."

मला उत्तर सुचले नाही, आणि अजून पुरते सुचलेले नाही. आमच्या घरी कोर्टकचेरीच्या कामाला आलेले गावाकडचे लोक आठ-आठ दिवस राहत. आई पहाटे उठे. ती कधी कुरकुरली नाही, म्हणून तिला ओझे झाले नाही असे आम्ही धरून चाललो. म्हणजे दुसऱ्यावर भार न टाकणे हाही धर्मच आहे, आणि तो पाळणाऱ्या गाडीला मी एकदम नावे ठेवू नयेत. फक्त भार टाकला नाही एवढ्यावर आपण सुटलो, असे मानता येत नाही.

तिथल्या सरकारलाही हा पेच पडलेला दिसतो. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने कुणालाही, जबाबदारीने वागून, बहुतेक मोकळ्या जमिनीवर चालायचा आणि तंबू ठोकायचा हक्क दिला. मोटारी मात्र त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे पायी आलेल्याला जे आहे ते चाकांवर आलेल्याला नाही. मग हायलँड कौन्सिलने २०२४ मध्ये कॅम्परव्हॅनवाल्यांसाठी एक योजना काढली: सात दिवसांचे चाळीस पौंड, आणि तेही ऐच्छिक. ज्याला वाटेल त्याने भरावे. सक्तीचा कर माणूस भरतो तेव्हा त्याची नीती कळत नाही, फार तर त्याची भीती कळते. ऐच्छिक पैशापुढे मात्र प्रत्येकजण एकटा असतो. लेकीला मी विचारले, तू भरणार का? ती म्हणाली, "बघू. कुणीच भरत नाही म्हणतात." हेही वाक्य माझ्या ओळखीचे.

मी तिकडचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा 'छान दिसेल तिथं' या शब्दांनी मला आणखी अडवले. ती उत्तरेची दरीखोरी इतकी निर्मनुष्य आणि म्हणून इतकी सुंदर का? सदरलँडच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात एकेकाळी गावेच्या गावे होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८१४ आणि १८१९ मध्ये, जमीनदारांनी मेंढ्यांसाठी ती उठवली. माणसे परत येऊ नयेत म्हणून छपरांची लाकडे जाळली. पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये खटला झाला, तो त्याच इन्व्हरनेस गावात जिथून हा सहलीचा रस्ता सुरू होतो; ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. पूर्व किनाऱ्यावर बॅडबे नावाची पडकी वस्ती आहे. उठवलेल्या कुटुंबांनी तिथे थेट समुद्राच्या कड्यावर घरे बांधली. वारा इतका, की जनावरे आणि लहान मुले खाली पडू नयेत म्हणून ती दोरीने बांधून ठेवत. शेवटचा माणूस तिथून १९११ मध्ये गेला. आणि या लोकांची भाषा गेलिक; १८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळा सक्तीच्या केल्या तेव्हा त्या भाषेला त्यात जागाच ठेवली नाही. शाळेत घरच्या भाषेला जागा नसली म्हणजे काय होते, हे आपल्या भागातल्या वाचकांना मी सांगायला नको.

म्हणून त्या रस्त्यावर जाऊ नये? असे मी म्हणत नाही. हिडकल धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले, की बुडालेले विठ्ठलाचे देऊळ उघडे पडते आणि आपण सहकुटुंब बघायला जातो. त्यात वाईट काही नाही. पण गाभाऱ्यापाशी उभे राहून फोटो काढताना, इथे कुणाचे घर होते, एवढे मुलांना सांगणारे किती असतात? मी स्वतः गेलो तेव्हा सांगितले नव्हते. कुणाचे घर गेले त्या जागी आपण चाकांवर घर घेऊन जायचे आणि 'काय शांतता आहे!' म्हणायचे, यात काहीतरी खुपते. ते खुपणे प्रवासात बरोबर असावे, एवढेच मला म्हणायचे होते. फोनवर ते नीट सांगता आले नाही.

दसऱ्याला लेकीने नवा बेत पाठवला. पाचाचे दहा दिवस झाले आहेत. ॲपलक्रॉसला किनाऱ्याच्या रस्त्याने जायचे. जावईबापू घाटात गाडीशिवाय, पायी चढून येणार आहेत, आम्ही खाली थांबणार. रोजचा मुक्काम ठरलेल्या तळावर, टाक्या तिथेच रिकाम्या करायच्या. पाव, दूध, भाजी एडिंबरोहून भरून न नेता गावागावांतल्या दुकानांतून घ्यायची. बॅडबेला अर्धा दिवस. आणि तळाशी एक ओळ: 'अप्पा, चाळीस पौंड धरलेत.'

सौ.ने त्याच दिवशी सामानाची यादी सुरू केली. तिला बेळगावचा कुंदा न्यायचा होता. दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत, असे लेकीने सांगितल्यावर ती शेंगदाण्याच्या चिक्कीवर आली. चार डबे. मी म्हटले, लेक-जावयाला एवढी कशाला?

"त्यांच्यासाठी एकच," ती म्हणाली. "बाकीचे तिकडचे. कुणाला द्यायचे ते गेल्यावर बघू. कुणाच्या तरी दारात पाणी मागायला जाऊच की."