पांगुळगाडा

'व्हेंटिलेटरवर' हा शब्द मराठीनं पटकन आपलासा केला, पण वाईट अर्थानं. एसटी व्हेंटिलेटरवर, साखर कारखाना व्हेंटिलेटरवर, झेडपीची शाळा व्हेंटिलेटरवर. २०१६ साली याच नावाचा मराठी चित्रपट आला, त्यातही यंत्रावर होतं ते घरातलं वडीलधारं माणूस आणि भोवती सगळा गोतावळा. हे यंत्र म्हणजे शेवटचा थांबा, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून तीन महिन्यांचं बाळ मशीनवर आहे असं ऐकलं, की माणसं पुढचं विचारतच नाहीत.

हिंजवडीजवळच्या माणमध्ये, बोडकेवाडीच्या वाटेवर आमच्या शेजारी एक जोडपं भाड्यानं राहतं. तो आयटी पार्कात कॅब चालवतो. त्यांचं बाळ दूध ओढताना दमायचं. दोन घोट घ्यायचं, थांबायचं, धापा टाकायचं. थंडीच्या दिवसांतही कपाळावर घाम. काही केल्या अंगी लागेना. सासूबाईंनी दृष्ट काढली, मिरच्या जाळून झाल्या. मग अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला, तो बराच वेळ उचललाच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. हजारातली आठ-नऊ बाळं हृदयात दोष घेऊन जन्मतात आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या घरी पहिली चाहूल लागते ती या दुधाच्या वेळच्या घामाची.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होतं. शरीराकडे जायचं रक्त त्यातून परत फुप्फुसांत घुसत होतं. ऑपरेशन झालं, छिद्र बुजवलं. लगेच गल्लीत प्रश्न सुरू झाला: ऑपरेशन नीट झालं ना, मग पोर अजून मशीनवर का?

कारण श्वास घेणं हे कष्टाचं काम आहे. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही, एवढंच. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त बाहेरच्या यंत्रातून फिरवलेलं असतं, त्यानं अंगावर सूज येते, फुप्फुसं जड होतात, हृदयाचा स्नायू थकलेला असतो. अशा वेळी छातीचा भाता ओढण्यातच बाळाची सगळी ताकद जाऊ नये, म्हणून ते काम काही दिवस दुसऱ्यानं अंगावर घ्यायचं. तेही मापात. चार किलोच्या बाळाचा एक श्वास म्हणजे फार तर २५ ते ३० मिलिलिटर हवा, औषधाचे पाच-सहा चमचे. जास्त ढकलली तर फुप्फुसाला इजा, कमी पडली तर त्यातले बारीक फुगे मिटायला लागतात. आणि हे सगळं पेन्सिलीच्या निम्म्या जाडीच्या नळीतून.

ढकलली म्हणालो, तेही खरंच. आपण छाती फुगवून हवा आत ओढतो, यंत्र ती आत लोटतं. त्यानं छातीतला दाब वाढतो. दमलेल्या डाव्या कप्प्याला हा दाब सोयीचा पडतो. पण हृदयाचा एकच कप्पा धड असलेल्या काही मुलांत शिरांमधलं रक्त पंपाशिवाय थेट फुप्फुसांत जाईल अशी वाट करून दिलेली असते. तिथे हाच दाब वाटेत आडवा येतो. त्या मुलांना डॉक्टर जमेल तितक्या लवकर मशीनवरून काढतात.

हवा आत लोटण्याचं हे काम एकदा माणसांच्या हातांनीही केलंय. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं रुग्णांच्या गळ्यातून श्वासनलिकेत नळी घालून तिला रबरी पिशवी जोडली. ती दाबायला यंत्र नव्हतं. वैद्यकीय शाखेचे सुमारे दीड हजार विद्यार्थी आळीपाळीनं, रात्रंदिवस, हातानं पिशव्या दाबत बसले. चाकण-हिंजवडीच्या माणसाला शिफ्ट काय असते ते सांगायला नको, पण ही शिफ्ट निराळीच. मला वाटतं, रोगी स्वतःहून श्वास घ्यायला धडपडू लागला की ते पहिल्यांदा त्या तळहातालाच कळत असणार.

आता ते सेन्सरला कळतं. बाळानं जरासा श्वास ओढला की मशीन त्याच्या मागून नुसता हात लावतं. मग मशीनचे श्वास कमी करत न्यायचे, झोपेचं औषध उतरवायचं, बाळाचे स्वतःचे श्वास मोजायचे. डॉक्टर याला 'वीनिंग' म्हणतात. हा मुळात बाळंतिणीच्या खोलीतला शब्द, बाळाचं अंगावरचं दूध तोडणं. आपल्या आज्या त्यासाठी कडुलिंबाचा पाला वाटून लावायच्या. तेही काम एका दिवसात उरकत नसे. मला मात्र पांगुळगाडा आठवतो. पोर त्याला धरून उभं राहतं, त्याला ढकलत चालतं, आणि पाय सुटले की गाडा माळ्यावर जातो. पोर पांगुळगाड्यावर आहे म्हणून कुणी गळा काढल्याचं ऐकिवात नाही.

नळी स्वरतंतूंमधून जाते, त्यामुळे ती असेपर्यंत बाळ बिनआवाजी रडतं. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आणि आवाज नाही. बापानं काचेतून ते तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी नळी निघाली. तेव्हाचा आवाज घोगरा होता, पण होता.

आता बाळ दूध न थांबता पितं. आई अजूनही मधूनच पदराचं टोक त्याच्या कपाळाला लावते, मग बोटांनी चाचपून ते कोरडंच आहे ना, हे बघते.