पस्तीस बिन कमी

चाकणच्या एमआयडीसीत एक छोटा कारखाना होता. गाड्यांच्या सीटखाली बसणारे ब्रॅकेट, त्यांचे बुश, वॉशर, नटबोल्ट असं सगळं किट बांधून रोज सकाळी तिथून टेम्पो सुटायचा. स्टोअर नानांच्या ताब्यात होतं. भोसरीत आणि चाकणला मिळून त्यांची तीस वर्षं स्टोअरमध्येच गेली होती. किल्ल्यांचा जुडगा काळ्या करदोड्यात ओवलेला असायचा. तेल आणि घाम पिऊन पिऊन तो करदोडा चामड्यासारखा ताठ झाला होता.

मार्च एंडची मोजणी आली. त्या वर्षी हे काम एका नव्या पोराकडं दिलं. पोरगा लातूरकडचा, आयटीआय झालेला, खराबवाडीत चौघांत एक खोली करून राहणारा. हुशार होता, प्रामाणिकही होता. मागच्या वर्षीच्या रजिस्टरात लिहिलं होतं, बिन ७६. त्यानं रॅकवरचे बिन मोजले. ४१ भरले. पुन्हा मोजले, पुन्हा ४१.

नानांना विचारावं असं त्याच्या मनात आलं नाही. तो थेट शेठच्या केबिनमध्ये गेला. "शेठ, पस्तीस बिनांचा माल कमी आहे," म्हणाला. त्यानं मोजले होते ते बिन. माल त्यानं पाहिलाच नव्हता. पण एकदा तोंडातून 'माल' गेला तो गेला.

शेठ माणूस वाईट नव्हता, पण मार्चअखेर होती, डोक्यावर बँकेचं काम होतं. त्यांनी नानांना बोलावलं आणि चारचौघांत विचारलं, "नाना, हे काय ऐकतोय मी?"

नाना काही वेळ उभेच राहिले. मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. "उद्या सकाळी माझ्यासमोर सगळे बिन उघडा," एवढंच बोलले आणि बाहेर गेले.

टेबलावर पडलेला तो करदोडा पोराच्या डोळ्यांपुढून हलेना. शिफ्ट सुटल्यावर तो कारखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटकडं गेला. कुणाचं तरी बांधकाम अडलेलं, त्यामुळं तिथं नुसता मुरूम, खडी आणि वाळलेलं कुसळी गवत. तो भिंतीकडं जाऊन बसणार तोच मागून आवाज आला, "थांब! पाय टाकू नकोस तिथं."

नानांची मुलगी होती. पुण्याला विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकायची आणि गावी आली की संध्याकाळी नानांना स्कूटीवरून न्यायला यायची.

पोरानं पायाखाली पाहिलं. आधी काहीच दिसेना. मग मुरमातले दोन दगड दगड नाहीत, अंडी आहेत, हे कळलं. मातकट रंग, वर काळपट फराटे. गवत नाही, काडी नाही, उघड्या जमिनीवर नुसती ठेवलेली. पंधरा-वीस पावलांवर एक पक्षी अंग चोरून उभा होता. मातीच्याच रंगाचा, लांब पिवळ्या पायांचा. डोळे एवढे मोठे आणि पिवळेजर्द, की आधी डोळे दिसावेत आणि मग त्यांच्याभोवतीचा पक्षी.

"करवानक," ती हळूच म्हणाली. "दिवसा असा दगड होऊन राहतो. अंधार पडला की ओरडतो ते तुझ्या खोलीपर्यंत ऐकू येत असेल. चल, मागं हो. तिला अंड्यांवर बसू दे."

दोघं भिंतीपाशी आली. पोरानं मान खाली घालून जे केलं ते सांगितलं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. बापाचा चेहरा तिनं नुकताच पाहिला होता, त्यामुळं राग तर आलाच होता. पण आकडे ऐकून ती थबकली.

"शहात्तर आणि एक्केचाळीस? मग तिच्यावरही चोरीचा आळ घे," ती करवानकाकडं बोट करून म्हणाली.

"म्हणजे?"

"आई-बापांकडून आलेला वारसा प्रत्येक पेशीत गाठोडी बांधून ठेवलेला असतो. त्या गाठोड्यांना गुणसूत्रं म्हणतात. माणसात ४६, कोंबडीत ७८. बहुतेक पक्ष्यांत ऐंशीच्या आसपास. त्यात थोडी मोठी आणि बाकीची इतकी बारीक, की सूक्ष्मदर्शकाखाली रवा सांडल्यासारखी दिसतात. टिटवी, तुतवार, करवानक हे सगळे एकाच गणातले, पाणथळीच्या आणि किनाऱ्याच्या पक्ष्यांचा मोठा गण तो. हिवाळ्यात इंद्रायणीच्या काठानं शेपूट हलवत फिरतो तो तुतवार. त्याच्या अमेरिकेतल्या चुलतभावात ९२ गुणसूत्रं आहेत. आणि करवानकाचा युरोपातला सख्खा भाऊ, त्याच्यात जेमतेम चाळीस-बेचाळीस."

"मग बाकीचा वारसा गेला कुठं?"

"हाच प्रश्न शास्त्रज्ञांना पडला. फरक एवढाच, की त्यांनी कुणावर आळ घेतला नाही, गाठोडी उघडून पाहिली. २००९ साली त्याचा शोधनिबंध आला. कोंबडीच्या एकेका गुणसूत्राचा चकाकणारा रंग तयार केला आणि करवानकाच्या गुणसूत्रांवर सोडला. मग उलटही केलं, करवानकाचे रंग कोंबडीवर. जे जिथलं होतं तिथं रंग जाऊन चिकटला. तेव्हा कळलं, की कोंबडीत सुटी असलेली बारीक गुणसूत्रं इथं एकमेकांना नाहीतर मोठ्यांना जोडली गेलीत. एखादं कुठं तुटलंय, एखादा तुकडा उलटा बसलाय. पण मुख्य गोष्ट जोडण्याची. गाठोडी निम्मी झाली, ऐवज जागेवर."

पोरगा बराच वेळ त्या पक्ष्याकडं बघत राहिला. पक्षी एकेक पाऊल टाकत अंड्यांपाशी आला आणि बसल्याबरोबर मुरमात विरघळून गेला.

दुसऱ्या दिवशी शेठसमोर बिन उघडले. पहिल्याच बिनात ब्रॅकेटच्या शेजारी पत्र्याचे कप्पे करून त्याचेच बुश, त्याचेच वॉशर, त्याचेच बोल्ट मांडलेले होते. पूर्वी एक किट बांधायला पोरांना सात रॅक फिरावे लागायचे. धावपळीत वॉशर राहायचा आणि माल परत यायचा. म्हणून दिवाळीनंतर नानांनी जे लाइनवर एकत्र लागतं ते एका बिनात आणलं होतं. दुपारपर्यंत नग मोजले. एकही कमी नव्हता, सहा वॉशर जास्तच निघाले.

"नाना, माझं चुकलं," पोरगा म्हणाला. त्याला पुढं बोलता येईना.

"माझंही चुकलं," नाना म्हणाले. "बिनकार्डं बदलली, रजिस्टर बदलायचं राहिलं. ते मी आज करतो. पण एक सांगतो पोरा. कमी दिसलं की आधी झाकण उघडावं. माणसावर बोट त्यानंतर."

शेठनी जुडगा उचलला आणि दोन्ही हातांनी नानांना दिला. चारचौघांत विचारलं होतं, माफीही त्यांनी चारचौघांतच मागितली. हे मला फार मोलाचं वाटतं. आळ मोठ्यानं घेतला जातो आणि माफी कानात मागितली जाते, असं आपण नेहमी पाहतो.

पोराला आता जोडण्याचा नाद लागला. चार दिवसांत त्यानं स्वतःच्या डोक्यानं डाव्या आणि उजव्या सीटचे ब्रॅकेट एका बिनात टाकले. सकाळी किटं उलटसुलट गेली आणि लाइन अर्धा तास थांबली. नानांनी आवाज चढवला नाही. दोघांनी बसून ब्रॅकेट पुन्हा वेगळे केले.

त्या संध्याकाळी नानांच्या मुलीनं त्याला रफ पक्ष्याची गोष्ट सांगितली. हाही करवानकाच्याच गणातला, हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर येतो. सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वी त्याच्या एका गुणसूत्राचा तुकडा सुटून उलटा बसला. तुकड्यात सव्वाशेच्या आसपास जनुकं. त्यातून नरांचे नवे प्रकार तयार झाले. मूळचे नर गडद पिसांची झालर फुलवून जागेसाठी भांडतात. नव्यांतले काही फिकट झालरीचे, न भांडता त्यांच्या शेजारी उभे राहणारे, तर काही थेट मादीसारखेच दिसणारे.

"म्हणजे उलटं बसलं ते चांगलंच झालं की," पोरगा म्हणाला.

"थांब, पुढं ऐक. तो तुकडा जिथं तुटला तिथं मधोमध एक जनुक होतं. पेशीचं विभाजन नीट व्हायला ते लागतंच. आई-बापांपैकी एकाकडून उलटा तुकडा आला तर दुसऱ्याचा धड तुकडा काम भागवतो. दोन्हीकडून उलटाच आला, तर ते पिल्लू जगत नाही."

पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कुठलाही बिन हलवण्याआधी तो लाइनवर जाऊन उभा राहिला. कुठला नग कशाबरोबर उचलला जातो, हे त्यानं आठवडाभर नुसतं पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत मागच्या प्लॉटवर अंड्यांपासून लांब, चारी बाजूंनी मोठे दगड रचले आणि टेम्पोवाल्यांना सांगून ठेवलं, की इकडं गाडी मागं घ्यायची नाही.

पुढच्या मार्चला रजिस्टर पुन्हा त्याच्याच हातात होतं. त्यानं रॅकवरचे बिन मोजले, ३८ भरले. आकडा लिहायला पेन टेकवलं, उचललं, कानावर खोचलं आणि पहिल्या बिनाचं झाकण उघडलं.