अंगठ्याचे तीस टक्के

‘पैसेही घेतो आणि कामावरही येतो!’ भोसरीत छोटा कारखाना चालवणाऱ्या एका मित्राचं हे वाक्य डोक्यातून जात नाही. पॉवर प्रेसवरच्या एका कामगाराचा अंगठा गेला. जखम भरेपर्यंत ईएसआयने, म्हणजे कामगारांच्या राज्य विमा योजनेने, मजुरीच्या नव्वद टक्के दिले. मग मेडिकल बोर्ड झालं, आणि आता त्याला दरमहा रक्कम मिळते, तीही जन्मभर. गडी त्याच कारखान्यात पॅकिंगला बसतो.

मित्राशी भांडायचं म्हणून 1948 च्या ईएसआय कायद्याचं परिशिष्ट काढलं, तर आधी त्यावरच चिडलो. कमावण्याची क्षमता किती गेली, त्याचा हिशेब: अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7. हात उजवा की डावा, विचारपूस नाही. तबलजी आणि हमाल एकाच ओळीत. (द्रोणाचार्यांनी मागितला तो अंगठाही या हिशेबात तीसच!) पगार पंधरा हजार असेल तर नव्वद टक्क्यांचे तीस टक्के, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास.

पण याच निबर तक्त्यात मला मित्राला द्यायचं उत्तर सापडलं. विमा विचारतो, तुमचं काय गेलं. अनुदान विचारतं, तुमच्याकडे काय उरलं नाही. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलदाराकडून उत्पन्नाचा दाखला आणायचा. निराधारपण सिद्ध करत राहायचं. अंगठ्याला ते करावं लागत नाही. तो एकदाच गेला, एकदाच मोजला. माणूस उद्या सुपरवायझर झाला तरी रक्कम चालू राहते. मित्राच्या न्यायाने त्याने काय करावं? घरी बसून दाखवावं? अमेरिकेत ठरावीक रकमेपेक्षा जास्त कमावलं की अपंगत्वाचा भत्ता धोक्यात येतो. तिथे काम करणंच महागात पडू शकतं. मित्राचं म्हणणं, मग लबाडी कशी थांबवायची? पॉवर प्रेसखाली लबाडीने अंगठा कोण घालतो, हे त्याने सांगावं.

तेव्हा तक्ता ओबडधोबड आहे, तरी मला आता तोच हवासा वाटतो. खरी तक्रार त्याच्या कुंपणाबद्दल आहे. मळणी यंत्रात शेतकऱ्याचा हात गेला, तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून एकरकमी लाखभर मिळतात. दरमहा काही नाही. आणि त्याच यंत्रावर पेंढ्या लावणाऱ्या मजुराच्या घरात कुणाच्याच नावावर सातबारा नसला, तर त्या योजनेत तो बसतच नाही.