छपराची साक्ष

ज्याने वाईट काही केले नाही, परंतु पाहूनही काहीच केले नाही, तो दोषी ठरतो काय? प्रिय वाचकहो, ह्याचे उत्तर आपल्या कौलारू घराचे छप्परच देते.

छप्पर एकाएकी कोसळत नाही. ते पुष्कळ दिवस आधी साक्ष देत असते. भर दुपारी दारे लावून वर पाहावे, म्हणजे फुटल्या-सरकल्या कौलांतून कवडसे दिसतात. भिंतीवर तांबूस ओघळ उमटतात. वाशाखाली पिठासारखा भुसा पडतो, तो किडीचा. भिंतीवरून मातीची बारीक नळी चढते, ती वाळवीची. आढे मध्येच वाकले, तर लाकूड थकले असे समजावे. ठिबक पडते तेथेच भोक असते असे नाही. पाणी वाशावरून वाहत येते, म्हणून गळतीचे मूळ चढाच्या बाजूस शोधावे.

आम्ही मात्र ठिबकीखाली भांडे ठेवून निजतो. इकडे वासा कुजतो, आणि छप्पर पडते ते आमच्या आश्रयाने निजलेल्या लेकरावरही. उपदेशकाने दहाव्या अध्यायात घर खचण्याचा दोष आळसालाच लाविला आहे.

हाती पैसा नाही, हे खरे असेल. परंतु मृगापूर्वी चार कौले बदलणे वासा बदलण्याहून स्वस्त असते. आणि शेजाऱ्यास हाक मारण्यास पैसा लागत नाही. मंडळीतील एखाद्या विधवेचे आढे वाकलेले पाहून आम्ही वाट बदलली, तर त्या छपराची साक्ष आम्हांविरुद्धही आहे.