गल्लीबाहेरची ओळख

वाशिम जिल्ह्यात उन्हं तापू लागली की कुरडयांचे दिवस येतात. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक गाळायचा, रात्रभर बसू द्यायचा आणि सकाळी वरचं पाणी ओतून मीठ-हिंग घालून शिजवायचा. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून कुरडया पडल्या पाहिजेत. हे एकटीचं काम नव्हे. एकीने ढवळायचं, एकीने सोऱ्या दाबायचा, दोघी-तिघींनी गच्चीवर हात चालवायचा. म्हणून घरापुरत्या कुरडया करणाऱ्या बायका बचत गटात आल्या आणि विकायला कुरडया करू लागल्या, तेव्हा त्यांना एकत्र यायला कुणी शिकवावं लागलं नाही. ती सवय आधीचीच. अडचण दुसरीकडे आहे. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला की गल्लीतल्या सगळ्या गच्च्या एकदमच भिजतात.

बचत गटांविषयी बोलताना एकीचं कौतुक फार होतं. ते खोटं नाही. बारा जणींच्या गटात एकीचा नवरा आजारी पडला, एकीची शेळी मेली, तर उरलेल्या तिला सावरून धरतात. गटातलं अंतर्गत कर्ज त्यासाठीच असतं. पण बाराही जणींवर एकाच दिवशी संकट आलं तर कुणी कुणाला धरायचं? वाशिममध्ये संकट बहुधा असंच येतं.

त्याचं कारण शेतात आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे बारा लाख, त्यातले शंभरात ब्याऐंशी खेड्यात राहणारे. खरिपात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन, जोडीला तूर. ब्लाउज शिवणारी, पापड लाटणारी, किराण्याचं छोटं दुकान चालवणारी, बांगड्या विकणारी यांच्यातल्या कितीतरी जणींच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, पण त्यांचं गिऱ्हाईक सोयाबीनवरच जगतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांच्या आसपास उडी घेतली. त्याच महिन्यात केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव कोसळले. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी मिळत होते. असा भाव पडला की शिलाईवालीच्या वहीत उधारी वाढते, आणि ती वाढते गावातल्या सगळ्याच शिलाईवाल्यांच्या वहीत.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवून पाहावी. सोयाबीन विकून घरात नुकताच पैसा येऊ लागलेला, आणि पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला आणि बदलून द्यायला मनाई केली. वाशिमला स्वतःची जिल्हा बँक नाही. अकोला जिल्हा मध्यवर्ती बँकच दोन्ही जिल्हे पाहते. ज्यांचं खातं फक्त तिथे होतं, त्यांना नोटा भरायचा जवळचा रस्ता बंद झाला. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत नवऱ्यालाही न सांगता ठेवलेले पैसे तेव्हा घरोघरी बाहेर आले. आठवडी बाजारात तर सुट्याअभावी सौदाच होईना.

त्यानंतरच्या महिन्यांत विदर्भातल्या काही भागांत सूक्ष्म वित्त कंपन्यांची वसुली अडली, महिलांनी कर्जमाफीसाठी मोर्चे काढले. या कर्जाची घडण अशी की शेजारणीच एकमेकींना जामीन. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. एकाच शेजारणीचं नुकसान असेल तोवर हा जामीन चालतो. सगळ्यांची कमाई एकाच आठवड्यात थांबली, की त्याला कागदापलीकडे किंमत राहत नाही. उलट शेजारणीच एकमेकींच्या दारात वसुलीला उभ्या राहतात. कंपन्यांनी बायकांचा जिव्हाळा तारण म्हणून घेतला, हे त्या व्यवहाराचं सरळ वर्णन आहे.

अशा वेळी गटाबाहेरची ओळख लागते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. नोकरी मिळालेल्या माणसांना त्यांनी विचारलं, की ही खबर तुम्हाला कुणाकडून कळली. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बहुतेकांना ती जिवलग मित्राकडून कळलीच नव्हती. अधूनमधून भेटणाऱ्या, नुसत्या तोंडओळखीच्या माणसाकडून कळली होती. कारण साधं आहे. जिवलगांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. नवी खबर दुसऱ्या वर्तुळातून येते. वाशिमच्या गटांना हे लागू करून पाहिलं की दिसतं ते असं: आतल्या गाठी घट्ट आहेत, बाहेर जाणारे धागे मोजके.

मुंबईतल्या एका जुन्या उदाहरणात हेच उलट बाजूने दिसतं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. त्यातून लिज्जत उभं राहिलं, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी सांगितलं जातं ते हे, की पहिल्या चार पुड्या त्यांनी शेजारीपाजारी विकल्या नाहीत. भुलेश्वरच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे दिल्या. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, खाली पेटता स्टोव्ह. पावसाशी झगडायला इतकं पुरलं. पण भुलेश्वरचं ते दुकान नसतं तर वाळलेल्या पापडांचं करायचं काय, हा प्रश्न उरलाच असता.

संकटाच्या बाबतीत याहून मोठा धडा शेजारच्या मराठवाड्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावं जमीनदोस्त झाली. पुनर्बांधणीच्या कामात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आलं: घर कसं बांधायचं, अनुदान कसं मिळवायचं, तक्रार कुठे न्यायची, हे घरोघरी पोहोचवणाऱ्या. या कामात प्रेमा गोपालन यांची स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था होती. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. जिची घडी नुकतीच मोडली आहे तिला, तीच घडी आधी बसवलेल्या बाईशी बोलायला मिळालं. अशी बाई आपल्या गावात सापडत नाही.

वाशिमच्या वाट्याला २०२० आला तो रामनवमीच्या तोंडावर. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं सर्वांत मोठं श्रद्धास्थान. रामनवमीच्या यात्रेला राज्याबाहेरूनही लोक येतात. त्या वर्षी २५ मार्चला करोनामुळे देश बंद झाला आणि रामनवमी होती २ एप्रिलला. यात्रेसाठी भरलेला माल आठवड्यावर आलेली यात्रा रद्द झाल्याने घरात अडकला. पाठोपाठ लग्नसराई गेली, आठवडी बाजार गेले. तेव्हा राज्यभर ‘उमेद’ अभियान आणि ‘माविम’ महामंडळ या सरकारी यंत्रणांच्या गटांनी शिलाई यंत्रं मास्ककडे वळवली. ब्लाउजची यंत्रं तीच, हातही तेच. फरक पडला तो पंचायत समितीत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत कुणाची ऊठबस होती यावर. जिला तिथलं कुणी ओळखत नव्हतं, तिचं यंत्र कापडाखाली झाकलेलंच राहिलं असणार.

सरकारी रचनेने धागे विणले नाहीत असं नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’, आणि त्यानंतर आलेलं ‘उमेद’ यांनी गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी उतरंड रचली. बँक सखी, कृषी सखी, पशू सखी उभ्या केल्या. बँकेत जायला बिचकणारी बाई व्यवस्थापकासमोर खुर्ची ओढून बसते, याचं मोठं श्रेय त्यांचं आहे. पण ही रचना उभी आहे, आडवी नाही: गावाकडून तालुक्याला, तालुक्याकडून जिल्ह्याला. मानोऱ्याच्या गटाला रिसोड तालुक्यातल्या गटाकडे काय स्वस्त मिळतं ते जिल्ह्याच्या कार्यालयातून कळतं, थेट नाही. २०२० च्या उत्तरार्धात ‘उमेद’च्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांवर गदा आली तेव्हा राज्यभर बचत गटांच्या महिला मूक मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांची कृतज्ञता खरी होती, आणि भीतीही. मधला माणूस गेला तर जगाशी असलेला आपला दुवाच तुटेल, अशी ती भीती.

आडव्या ओळखी कमी का, याचं उत्तर अवघड नाही, फक्त अवघडल्यासारखं होतं म्हणून कुणी देत नाही. पुरुषाच्या अकोल्यात, नागपुरात ओळखी असल्या तर तो हुशार व्यवहारी. बाईच्या असल्या तर घरातून प्रश्न येतो, ‘काहून जाते व इतक्यांदा?’ गटाने या प्रश्नाला एक चालणारं उत्तर दिलं: मीटिंग आहे. पण मीटिंग तालुक्यापर्यंतच चालते. व्यापाऱ्याशी परस्पर फोनवर सौदा करणं अजून अनेक घरांत खपत नाही, आणि फोन बऱ्याचदा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात कोकणची कोकम विकणारी आणि वऱ्हाडची मसालेवाली शेजारशेजारच्या स्टॉलवर बसतात, एकमेकींच्या डब्यातलं खातात. त्या ओळखीतून पुढे नियमित देवाणघेवाण होण्याआधी प्रदर्शन संपलेलं असतं.

बाहेरच्या ओळखीत धोका नाही असं कुणी म्हणू नये. दूरचा व्यापारी माल नेऊन पैसे बुडवू शकतो. पण ते नुकसान एका खेपेचं असतं आणि बारा जणींत वाटून घेता येतं. गटाची एकी खरी कामाला येते ती इथे.

आणि बदल काही नेहमी वाईटच येत नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. कारंजा, शेलू बाजार, मालेगाव या पट्ट्यातून तो जातो. दुचाकी, रिक्षा त्यावर चालत नाहीत. जुन्या रस्त्यावर थांबून चहा-भजी घेणारं लांबचं गिऱ्हाईक आता वरून सुसाट निघून जातं. मात्र नागपूरचा दुकानदार त्याच रस्त्याने काही तासांवर आला आहे. चिया या पिकाचंही तसंच. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात रब्बीत चिया वाढला, वाशिमच्या बाजार समितीत त्याची खरेदी सुरू झाली. हे बी शहरात छोट्या पाकिटांतून विकलं जातं. निवडणं, स्वच्छ करणं, पाकीट भरणं ही कामं गटांना नवी नाहीत, आणि छोट्या उलाढालीसाठी अन्न व्यवसायाची नोंदणी थोड्या पैशांत होते. अडतं ते फक्त शहरातल्या त्या दुकानदाराच्या नावापाशी.

गटाच्या दप्तरात हजेरी, बचत, कर्ज, परतफेड या सगळ्यांना रकाने आहेत. तालुक्याबाहेरचं कोण ओळखीचं आहे, त्याच्याशी शेवटचं कधी बोलणं झालं, माल घेतला की नाही, याला रकाना नाही. वाशिमच्या गटांनी तो पुढच्या बैठकीत स्वतःच आखून घ्यावा, आणि वर्षातून एकदा तरी दोघींच्या नागपूर-अकोल्याच्या भाड्याचा खर्च गटाच्या पैशातून मंजूर करावा. त्यासाठी कुठल्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही; गटाचा साधा ठराव पुरतो.