दुरुस्ती आणि हिस्सा

कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत वर्षानुवर्षे कुलूप लागलेली घरे पुन्हा उघडताना दिसतात. आखातात कमावलेला पैसा गावी येतो. पावसाने खचलेली जांभ्याची भिंत उभी राहते, वाळवीने पोखरलेले वासे उतरतात, कौलांच्या जागी स्लॅब पडतो. येणारा-जाणारा थांबून ‘माशाअल्लाह’ म्हणतो. पडक्या घराचे घर होताना पाहणे कुणाला आवडणार नाही?

जाणता गवंडी मात्र घाई करू देत नाही. चुन्यात बांधलेली जुनी भिंत ओलावा बाहेर सोडत असते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा थापला की ओल आत कोंडते. वरून भिंत नवी दिसते, आतून भुसभुशीत होत जाते.

मालकीचेही असेच आहे. वडिलांचे घर दोघे भाऊ दुरुस्त करतात, बहिणीचे नावही निघत नाही. आई-वडील हयात नसतील आणि मागे दोन मुलगे व एक मुलगी असेल, तर देणी फेडल्यावर सूरह निसाच्या हिशेबाने घराचे ५ भाग होतात. त्यांतला एक तिचा. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन वगळली, घर वगळले नाही.

तरी तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि ती सही करते. भाऊ म्हणतात, तिने खुशीने दिले. पण हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, या धास्तीने केलेल्या सहीला खुशी म्हणायचे काय? दुरुस्तीचा खर्च भावांचा, हे खरे. तो हिशेबात जरूर धरावा. पण पडक्या घराची आणि जागेची किंमत ठरवून तिचा भाग आधी तिच्या हातात द्यावा. हातात आलेले तिने परत दिले, तर ती तिची खुशी.

नबुवतीच्या सुमारे ५ वर्षे आधी कुरैशांनी काबा नव्याने बांधला. त्यात फक्त हलाल कमाई घालायची असे ठरले. ती पुरली नाही, तेव्हा त्यांनी काही भाग भिंतीबाहेर सोडला, पण दुसरा पैसा लावला नाही, असे रिवायतीत येते. तोच हतीम. तवाफ आजही त्याच्या बाहेरून होतो, कारण तो भागही काब्याचाच. इस्लाम येण्यापूर्वीच्या त्या लोकांना जे कळले, ते आपल्याला कळू नये?

बहिणीचा हिस्सा देऊन घरात एक खोली कमी झाली, तर होऊ द्यावी. गवंड्याला बोलावण्याआधी बहिणीला बोलवावे.